बरंवाईट

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१२ जानेवारी २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलले की आई आतून विचारते, "भांडताय का दोघी?" म्हणून आता पत्रच.

मला नोकरी लागली. पोलिसांत नाही, पण पोलीस ठाण्यात. पोलिसांनी आमच्या संस्थेशी गेल्या एप्रिलपासून एक वर्षाचा करार केला आहे. पोलिसांच्या मदत-क्रमांकावर मनाच्या त्रासाचे फोन येतात: कुणी छतावर चढून बसलंय, कुणाला आवाज ऐकू येतात, कुणी आठवडाभर खोलीतून बाहेर आलेलं नाही. असे फोन आता हवालदाराकडे न जाता आमच्या टेबलाकडे येतात. टेबल मानेसरच्या पुढे, कारखान्यांच्या वस्तीजवळच्या एका ठाण्यात आहे. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तशी अट आहे. मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत जाते, पुढे शेअर ऑटो.

माझं काम ऐकायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्म हिंदीत आहे. "समस्या" या रकान्यात एक खूण करायची: आत्महत्या का ख़तरा, नशा, घरेलू विवाद, गुमशुदा (म्हणजे हरवलेले), अन्य. त्यावरून चिठ्ठी निघते. लाल चिठ्ठी निघाली तर आमच्या समुपदेशक विजयालक्ष्मी मॅडम तासाभरात घरी जातात, साध्या कपड्यांत. पिवळी निघाली तर दिवसभरात गस्तीचा हवालदार जाऊन येतो. खूण मी करते, आत्या. रोज घरी येताना मनात सगळ्या खुणा पुन्हा तपासते.

इथे मराठी येणारी मी एकटीच. कारखान्यांत आपल्याकडची बरीच माणसं आहेत, म्हणून मराठी फोन माझ्याकडेच देतात. शेजारच्या टेबलावरचे हवालदार म्हणतात, "मॅडमजी, आप मराठी में समझाती हो या डाँटती हो, पता ही नहीं चलता."

मानसशास्त्राची शिक्षा घेतली त्याचा उपयोग करायचा मौका मिळाला, याचं समाधान आहे.

तुझी मैत्री

---

पवनी, जि. भंडारा
२२ जानेवारी २०२५

प्रिय मैत्रीस,
जय भीम.

पत्र मिळालं. दोन चुका. शिक्षा म्हणजे दंड. तू शिक्षण घेतलंस. शिक्षा तुला अजून कुणी केलेली नाही. दुसरं, मौका नव्हे, संधी. बाकी अक्षर बरं आहे. तुझं पत्र लाल शाई लावून सोबत परत पाठवते आहे, बघून घे.

नोकरी लागली, आनंद झाला. पण एक विचारते. दुसरं काही मिळालं नाही का? शाळेत, बँकेत? तू लहानपणापासून घाबरट. पाच वर्षांची होतीस तेव्हा वर्षभर तोंडातून शब्द काढला नव्हतास. शाळेत घेईनात, म्हणून मी माझी शाळा सोडून सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून तुला तीन वर्षं शिकवलं. ते काही तू परक्यांची दुःखं कानात ओतून घ्यावीस म्हणून नाही.

सुरेखाला काय वाटतं या नोकरीबद्दल? तिनं मला काहीच कळवलेलं नाही.

दुपारचं जेवण वेळेवर घेत जा.

तुझी आत्या

---

लक्ष्मीबाई नगर
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम.

आईला काय वाटतं ते मला कळत नाही. मी नोकरीबद्दल सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. म्हणाली, "अच्छा." आणि लाटतच राहिली.

गेल्या महिन्यात ओडिशाचा एक मुलगा उड्डाणपुलाच्या कठड्यावर बसला होता. मी लाल चिठ्ठी काढली. विजयालक्ष्मी मॅडम जाऊन त्याच्या शेजारी बसल्या, दोघांनी चहा घेतला, पाऊण तासानं तो त्यांच्याबरोबर खाली आला. पूर्वी हवालदार गेला असता, शिट्टी वाजवत. आता तो मुलगा परत कामावर जातो.

आणि परवा, सात तारखेला, माझा पहिला वऱ्हाडी मराठी फोन आला! नावं लिहीत नाही, मनाई आहे. बाई वाशीमकडच्या. नवऱ्याची दोन बोटं कारखान्यात प्रेसखाली गेली, काम सुटलं, तेव्हापासून तो घरात. त्यांची बोली मला निम्मीच कळत होती, तू मला पुस्तकी मराठी शिकवलीस ना! त्या म्हणत होत्या, "मले लय भेव वाटते ताई. जेवत नाईत, बोलत नाईत. काही बरंवाईट करून घेतीन." मी विचारलं, तुम्हाला मारतात का? "नाही हो, मले नाही." मग काय करतात? पुन्हा तेच, "काही बरंवाईट करून घेतीन." तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिंदीत "भला-बुरा कहना" म्हणतात ना, तसं. शिव्याशाप, वादावादी. मी फॉर्मवर लिहिलं: पति का भला-बुरा कहना. घरेलू विवाद. पिवळी चिठ्ठी. त्याच संध्याकाळी हवालदार जाऊन आले. नवऱ्यानं लिहून दिलं की भांडण नाही, तक्रार नाही. प्रकरण बंद.

विजयालक्ष्मी मॅडम म्हणाल्या, तू नसतीस तर आम्हाला एक शब्द कळला नसता. तुझी मराठी कामाला आली, आत्या.

तुझी मैत्री

---

पवनी
१४ फेब्रुवारी २०२५

मैत्री,

तुझं पत्र आत्ता पोस्टमननं दिलं. बाकीचं काही लिहीत नाही.

बरंवाईट करून घेणं म्हणजे भांडण नव्हे. म्हणजे स्वतःचा जीव देणं. आपल्याकडे तो शब्द तोंडानं उच्चारत नाहीत, म्हणून असं म्हणतात.

शेजारच्या रुचिराला तुला फोन लावायला सांगितलं, तुझा बंद लागतो. तिच्याकडून निरोप टाकायला लावला आहे. सुरेखालाही लावला, तिनं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. तू ताबडतोब त्या घरी कुणाला तरी पाठव. मॅडमना पाठव. हवालदार नको.

आत्या

---

लक्ष्मीबाई नगर
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

टेबलावर फोन बंद ठेवावा लागतो. निरोप मी चौदा तारखेला संध्याकाळी ऑटोत वाचला. तो माणूस अकरा तारखेलाच गेला होता.

बारा तारखेला ठाण्यात नोंद आली तेव्हा मी पत्ता ओळखला होता. दोन दिवस मी असं समजत होते की भांडण विकोपाला गेलं असेल. हवालदारांनाही तसंच म्हणाले, "बहुत झगड़ा था घर में." हे मी माझ्या तोंडानं म्हणाले.

त्यांचं नाव दिलीप. बाईंचं पार्वती. तुझ्याशी तरी आता नावांचा तो नियम पाळत नाही.

पंधराला मी रेकॉर्डिंग ऐकलं. सहा मिनिटं दहा सेकंद. त्यात त्या चार वेळा बरंवाईट म्हणाल्या. चौथ्यांदा हळू म्हणाल्या, जणू मला कळलं आहे आणि आता जोर द्यायची गरज नाही. मी त्यावर म्हणते, "काळजी करू नका, मी समजले."

अनुराग सरांना सांगितलं. ते या कामाचे प्रमुख. त्यांनी दार लावलं.

"रिकॉर्डिंग मराठी में है. यहाँ किसको समझ आती है? आप ही ने समझी थी."

"सर, ग़लत समझी थी."

"वो आपको पता है. सिर्फ़ आपको." मग म्हणाले, "अप्रैल में रिव्यू है, मैत्री. करार आगे चलेगा या नहीं, तभी तय होगा. आप एक लाइन लिखोगी और डेस्क बंद. फिर पुलवाले लड़के के पास चाय लेकर कौन बैठेगा? सीटीवाला?"

ते वाईट माणूस नाहीत. न लिहिलं तर खोटं राहतं. लिहिलं तर उद्याच्या माणसाकडे पुन्हा शिट्टीवाला जाईल.

एक विचारायचं आहे. तू मला तीन वर्षं शब्द शिकवलेस. पडवी, परसदार, उंबरठा, मी कधी न बघितलेल्या वस्तूंची नावं पाठ करून घेतलीस. मग हा का नाही शिकवलास?

मैत्री

---

पवनी
२ मार्च २०२५

प्रिय मैत्री,

उत्तराला उशीर झाला. लिहून दोनदा फाडलं.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. जो माणूस ठरवतो तो ठरवतोच. लाल चिठ्ठी गेली असती तरी काय झालं असतं कोण सांगणार? तुझे साहेब बोलतात ते व्यवहाराचं आहे. गप्प राहा. एका ओळीनं मेलेला माणूस परत येणार नाही, तुझी नोकरी मात्र जाईल, आणि चारचौघांत बोभाटा होईल. सुरेखाला ते आता सोसणार नाही.

शब्दाचं विचारलंस. असले शब्द मुलांसमोर बोलत नाहीत, एवढंच. आणि त्या वेळी आपल्या घरात तो शब्द कुणीही उच्चारायचा नाही असं मीच ठरवलं होतं.

या पत्रात तुझी एकही चूक नव्हती. परत पाठवत नाही.

तुझी आत्या

---

लक्ष्मीबाई नगर
१० मार्च २०२५

आत्या,

त्या वेळी म्हणजे कोणत्या वेळी?

मी काल पार्वतीबाईंकडे गेले होते. रविवार होता. तिथे एका रांगेत वीस खोल्या आहेत आणि पाण्याचा नळ एक. "ठाण्यातून आले" एवढंच म्हणाले. पुढचं म्हणणार होते, पण त्यांनी बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं, आणि माझी हिंमत गेली. मी आहे ही अशी.

त्यांना कुणीतरी ऐकायला हवं होतं. हवालदार आला तो वर्दीत, दारातच उभा राहून मोठ्यानं विचारत होता, "बीवी से क्या झगड़ा है तेरा?" विसाच्या वीस खोल्या बाहेर आल्या. दिलीपनं त्या तुटक्या बोटांच्या हातानं सही केली. हवालदार गेल्यावर बायकोला एवढंच म्हणाला, "माह्यावर पोलीस आणले तू?" त्यानंतर तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी ती पाण्याच्या रांगेत असताना...

सासरे गावाहून आले होते. ठाण्यात त्यांना कागद वाचून दाखवला: पत्नीचा फोन, घरेलू विवाद. अंत्यसंस्काराला जमलेल्या माणसांपुढं ते म्हणाले, हिनं माझ्या लेकावर पोलीस घातले, त्या लाजेनं तो गेला. आठ वर्षांची मुलगी आहे, तिला घेऊन गेले. पार्वतीबाईंना सांगितलं, तू इकडे पाय ठेवू नको.

सगळ्यांत वाईट हे की तिलाही ते पटलं आहे. मला म्हणाली, "मी फोन केला नसता तर राह्यले असते ते." मी तिच्यासमोर बसले होते, आत्या. तिनं दिलेलं पाणी पीत होते.

आता प्रश्न फक्त टेबलाचा राहिलेला नाही. तो कागद खोटा आहे, आणि त्या कागदावर तिची मुलगी गेली आहे. तू म्हणतेस गप्प राहा. ओट्यावर बसवून, खोडलेलं अक्षरही खोडलं म्हणून कबूल करायला शिकवणारी तू. तू असं का लिहिलंस?

मैत्री

---

पवनी
१८ मार्च २०२५

प्रिय मैत्री,

सुरेखानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. बावीस वर्षं पाळलं. आज मोडते आहे. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझे बाबा हार्ट अटॅकनं गेले नाहीत.

यशवंत माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दिल्लीतल्या मंत्रालयात त्याच्यावर चौकशी लावली होती. फाईल दुसऱ्याची, सही याची. तो घरात कुणाशी बोलायचा नाही. मला मात्र पत्र लिहायचा. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं: ताई, माझं काही बरंवाईट झालं तर मैत्रीच्या शिक्षणाकडे तू बघ.

मला तो शब्द माहीत होता, मैत्री. तुझ्यासारखी मी दिल्लीत वाढले नव्हते. मी पत्र वाचलं, त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या, त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या, खाली लिहिलं "असं अभद्र लिहू नये", आणि त्याला परत पाठवून दिलं. सगळ्यांचीच पत्रं मी तशी परत पाठवायची. ते त्याला मिळालं की नाही, मला माहीत नाही. मी दिल्लीत पोचले तेव्हा ते उघडलेलं होतं. कुणी उघडलं ते सुरेखाला मी आजवर विचारलेलं नाही.

डॉक्टर भला होता. दाखल्यावर हृदयविकार लिहिला. नाहीतर सुरेखाला त्याच्या जागी नोकरी मिळाली नसती, क्वार्टर गेला असता, असं आम्हाला वाटलं. खरं होतं की भीती होती, आता सांगता येत नाही.

मग मी तुझ्या गोष्टींच्या पुस्तकांतून तो शब्द असलेली पानं शोधली आणि स्टेपल केली. तू विचारायचीस, आत्या, ही पानं टाचलेली का? मी म्हणायचे, छापणाऱ्याची चूक. बोलण्यातूनही तो शब्द काढला. शेजारच्या बाया आल्या तरी त्यांना खुणेनं गप्प करायचे.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं ते माझ्या भीतीनं सांगितलं.

आत्या

---

लक्ष्मीबाई नगर
६ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आईशेजारी बसून मेथी निवडली. काही विचारलं नाही. तिनं पाकीट बघितलं होतं. ती म्हणाली, "आत्यानं लिहिलं का?" मी हो म्हणाले. तिनं माझ्या पुढ्यातली मेथी स्वतःकडे ओढून घेतली आणि मला उठवलं. आम्ही दोघी एवढंच करू शकलो आहोत.

आढाव्याच्या आधी मी लिहून दिलं. हिंदीत एक पान, मराठीत एक. फोन कुणी घेतला, शब्द कोणता होता, त्याचा अर्थ काय, मी काय लिहिलं. अनुराग सरांनी ते वाचलं. म्हणाले, "आप सच्ची हो, मैत्री. इससे किसका भला होगा, बता दो बस."

टेबल बंद झालं नाही. मला काढलं. करार सहा महिन्यांनी वाढवला आणि एक नियम घातला: फोन फक्त हिंदीतच घ्यायचा. मराठी माणूस आला तर त्याला हिंदीत बोला म्हणून सांगायचं. माझ्या पानावर ही दुरुस्ती झाली. मी वेगळी मागितली होती. लिहिलं होतं की प्रत्येक फोनवर सरळ शब्दांत विचारावं, जीव द्यायचं बोलतात का. ती सूचना घेतली नाही.

काल पार्वतीबाईंकडे गेले. या वेळी उंबऱ्यातच सांगितलं, बसायच्या आधी. तो फोन मी घेतला होता. तुम्ही तक्रार केली नव्हती, त्यांना वाचवा म्हणत होतात. मला शब्द कळला नाही. मग सही केलेला मराठी कागद पुढे धरला.

तिनं तो घेतला नाही. म्हणाली, "कागद तिकडं कोन वाचते? तुमीच बोला." आणि सासऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

मी सुरुवात केली तर पलीकडून म्हातारा म्हणाला, "थांबा बाई. मी तिच्याबद्दल साऱ्यांपुढं बोललो होतो. आता साऱ्यांनाच आयकू द्या." आम्ही थांबलो. माणसांचे आवाज जमत गेले. कुणीतरी खोकलं, कुणी कोंबड्या हाकलल्या. मग म्हातारा म्हणाला, "बोला."

मी वाचलं. वाचून झाल्यावर एक बाई म्हणाली, "तुमी मराठीच न? मंग समजलं कसं नाही?" मी म्हणाले, मला तो शब्द माहीत नव्हता. तिकडे कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. म्हाताऱ्यानं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

मग तो म्हणाला, "पार्वती, पोरगी तुही वाट पायते. ये." आणि फोन बंद केला.

मला वाटलं ती रडेल. ती उठली, ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागली. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"हिंदीवाली असती न ताई, तर मी सरळ सांगितलं असतं. वो मर जाएगा, असंच म्हणली असती. हिंदी मले तेवढीच येते. तुमी मराठीत बोलल्या, म्हणून मी आपल्या मानसाशी बोलावं तसं बोलली."

मी उठले. तिनं माझ्यामागे दार लोटून घेतलं.

मैत्री